पोरगं महागात पडलं?

चौदा कोटी वीस लाख. 17 डिसेंबर 2025 च्या सकाळी आमच्या राहात्यात हा आकडा जितक्या वेळा उच्चारला गेला, तितक्या वेळा त्या हंगामात उसाचा भावसुद्धा उच्चारला गेला नसेल. आदल्या दिवशी अबूधाबीत आयपीएलचा लिलाव झाला होता. चेन्नईने प्रशांत वीर नावाचा विशीतला डावखुरा फिरकी अष्टपैलू आणि कार्तिक शर्मा नावाचा एकोणीस वर्षांचा यष्टीरक्षक-फलंदाज घेतला. दोघांची मूळ किंमत 30-30 लाख. दोघेही गेले 14 कोटी 20 लाखांना. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या खेळाडूला त्या दिवसापर्यंत एवढी रक्कम कधी मिळाली नव्हती. आधीचा विक्रम आवेश खानचा, 2022 मधला, 10 कोटींचा.

आता राहात्याचा आणि चेन्नईचा संबंध काय, असं बाहेरगावचे वाचक विचारतील. संबंध धोनीचा. त्यानंतर ऋतुराजचा. पुण्याचा पोरगा कर्णधार असेल तर टीम मद्रासची असली तरी आपलीच, असा इथला सरळ हिशोब आहे. मुंबईवाले पण आहेत आमच्याकडे, आणि ते संख्येने जास्तच असतील. पण चहाच्या टपरीवर आवाज चेन्नईवाल्यांचा मोठा असतो.

तर त्या सकाळी तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, पैसे पाण्यात गेले. "कोण हा प्रशांत वीर? नाव तरी ऐकलं होतं का काल दुपारपर्यंत?" दुसरा पक्ष म्हणाला, बरं झालं, म्हाताऱ्यांची टीम म्हणून किती वर्षं हिणवून घ्यायचं? 2025 मध्ये तळाला गेलो, अजून काय बघायचं राहिलं? तिसरा पक्ष सगळ्यात दुखावलेला. महिनाभरापूर्वीच चेन्नईने जडेजाला राजस्थानकडे देऊन संजू सॅमसनला आणलं होतं. सोबत सॅम करनही गेला. "आपला घरचा माणूस दिला आणि त्याच्या जागेवर पोरगं आणलं, ते पण चौदा कोटीला." असं म्हणणाऱ्या तात्यांचा चहा तसाच गार झाला होता.

त्या दोन पोरांनी पुढे किती धावा काढल्या नि किती बळी घेतले, ते आज मला लिहायचं नाही. मला बोलायचंय त्या सकाळच्या वादाबद्दल. कारण तीनही पक्षांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती आणि ती मला तेव्हापासून खुपते आहे. सगळे जण असं बोलत होते, जणू त्या पोरांनी स्वतः चौदा कोटी मागितले होते.

जरा लिलाव कसा चालतो ते बघा. पोराने फक्त मूळ किंमत लिहून द्यायची, 30 लाख. त्यापुढचा सगळा खेळ टेबलांवर बसलेल्या लोकांचा. एकाने हात वर केला तर किंमत 30 लाखच राहते. दुसऱ्याने केला की चढायला लागते, आणि दोघंही हट्टाला पेटले की ती कुठे थांबेल याचा खेळाडूच्या गुणाशी फार थोडा संबंध उरतो. कोणाच्या खिशात किती शिल्लक आहे, कोणत्या जागेला माणूस नाही, यादीत पुढे त्या तोडीचा दुसरा कोणी आहे की नाही, यावर ते ठरतं. चेन्नईच्या खिशात त्या दिवशी चाळीस कोटींहून जास्त होते आणि बरीच जागा मोकळी होती. तोच पोरगा आदल्या वर्षी त्याच टेबलांसमोर आला असता तर कदाचित 30 लाखांना गेला असता, कदाचित गेलाच नसता. म्हणजे चौदा कोटी हा दोन मालकांमधल्या चुरशीचा आकडा आहे. पोरगं त्यात निमित्त.

आमच्याकडे पेरूच्या बागांचे सौदे होतात, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाग उक्ती देतात तेव्हा फळ अजून सुपारीएवढं असतं. व्यापारी बांधावरून एक फेरी मारतो, चार झाडांच्या फांद्या वाकवून बघतो आणि आकडा बोलतो. मागून दुसरा व्यापारी आला की आकडा वाढतो. पुढे पाऊस लागला, फळमाशी पडली, बाजार बसला, तर व्यापारी नशिबाला बोल लावतो, हवामानाला शिव्या घालतो, फार तर बागवानाशी भांडतो. पण झाडापाशी जाऊन "तुझ्यावर एवढे लावले नि तू असं केलंस?" असं म्हणणारा व्यापारी मी तरी पाहिला नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र आपण थेट झाडालाच धरतो.

याच तात्यांनी, बरं का, तीन वर्षांपूर्वी नवीन बाग लावली. पहिली दोन वर्षं आलेली फुलं स्वतः हाताने खुडून टाकली, कारण झाड लहान आहे, आत्ताच फळ धरलं तर खुरटेल. तिसऱ्या वर्षी पाणी तोडून ताण दिला, मग बहार धरला. इतका धीराचा माणूस. पण पोरगं दोन सामन्यांत चाललं नाही की पहिला आवाज त्यांचाच असतो, "बसवा त्याला!" (तात्या हे वाचतात. रागावू नका तात्या, पेरू पाठवत राहा.)

ऋतुराजचंच बघा ना. आज त्याच्यासाठी भांडणारे लोक एक गोष्ट विसरलेत. 2018 च्या डिसेंबरमधल्या लिलावात चेन्नईने त्याला घेतलं ते 20 लाखांना, मूळ किमतीला. म्हणजे दुसऱ्या कोणीही हात वर केला नाही. त्या दिवशी टपरीवर त्याच्यासाठी कोणी भांडलं नाही, ना बाजूने ना विरोधात. 2019 चा अख्खा हंगाम तो एकही सामना न खेळता बसून होता. कोणी विचारलं सुद्धा नाही. वीस लाखवाल्याला कोण विचारतो!

मग 2020. आयपीएल दुबई-शारजा-अबूधाबीत गेलं. तिथे पोचल्यावर त्याला कोरोना झाला, बाकीचे सराव करत असताना हा खोलीत बंद. पहिला सामना राजस्थानविरुद्ध, पहिल्याच चेंडूवर यष्टीचीत, शून्य. दुसऱ्या सामन्यात 5. मग बाहेर. त्यानंतर 19 ऑक्टोबरला चेन्नई राजस्थानकडून पुन्हा हरली आणि धोनी बोलून गेला की तरुण पोरांमध्ये आम्हाला ती ठिणगी दिसली नाही. हे वाक्य त्यावेळी किती गाजलं होतं ते आठवत असेल. आपल्याकडे दोन तट पडले. एक म्हणे, धोनी बरोबर बोलतोय, ही पोरं कुचकामी आहेत. दुसरा म्हणे, खेळवल्याशिवाय ठिणगी दिसणार कशी? चार दिवसांनी मुंबईविरुद्ध ऋतुराजला खेळवलं तर पुन्हा शून्य. चेन्नई त्या दिवशी दहा गडी राखून हरली. पहिला तट जिंकला असंच सगळ्यांनी धरलं. तीन डाव, मिळून पाच धावा.

त्यानंतरच्या तीन सामन्यांत 65 नाबाद, 72 आणि 62 नाबाद. तिन्ही वेळा सामनावीर. पुढच्या वर्षी 635 धावा, स्पर्धेत सगळ्यात जास्त, ऑरेंज कॅप आणि चेन्नईला विजेतेपद. 2024 मध्ये धोनीने त्याच्याच हाती कर्णधारपद दिलं.

हे सगळं माहीतच आहे, नवीन काय सांगितलंस, असं म्हणाल. माझा प्रश्न वेगळा आहे. तो पोरगा 20 लाखांच्या ऐवजी 14 कोटींचा असता तर? ते पाच धावांचे तीन डाव त्याने तसेच काढले असते, पण मग आपण त्याला चौथा डाव मिळू दिला असता का? आपण म्हणजे तुम्ही आणि मी नाही, आपल्याला कोण विचारतं? पण मालक लोक काही हवेत राहत नाहीत. गाव काय बोलतंय ते त्यांच्यापर्यंत जातंच. स्वस्तातल्या पोराला एक सवलत असते, त्याला कोणाच्या नजरेत न येता चुकता येतं. महागड्याची चूक मात्र पहिल्या दिवसापासून मोठ्या अक्षरात छापली जाते.

आणि दुसरी एक गोष्ट, जी माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. 2020 च्या त्या सामन्यांना मैदानात प्रेक्षकच नव्हते. रिकाम्या खुर्च्या आणि स्पीकरवर लावलेला खोटा गोंगाट. ऋतुराज पहिल्या चेंडूवर शून्यावर परत फिरला तेव्हा चाळीस हजार लोकांनी एकदम टाकलेला उसासा त्याला ऐकावा लागला नाही. चेपॉकवर पिवळ्या कपड्यातल्या गर्दीसमोर ते दोन भोपळे मिळाले असते तर? मला माहीत आहे, जरतरला अर्थ नसतो. तरी सुद्धा.

कारण असंच दुसरं उदाहरण आपल्या अगदी उशाला आहे.

आपल्या भागाला खेळाडू नवीन नाहीत. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे लोणीच्या पलीकडच्या आश्वीचा. पण दोघेही बाहेर जाऊन मोठे झाले, झहीर मुंबई-चेन्नईत, अजिंक्य डोंबिवलीत. आपण नंतर त्यांच्यावर हक्क सांगितला. मी म्हणतोय ते उदाहरण क्रिकेटचं नाही, कबड्डीचं आहे. टाकळीभानचा अस्लम इनामदार.

प्रो कबड्डीचे लिलाव 2014 पासून होतात, तिथेही आकडे आता कोटींत गेलेत. 2023 मध्ये पवन सेहरावत 2 कोटी 60 लाखांवर गेला. पण तिथे एक दुसरा दरवाजाही आहे. 'नवे तरुण खेळाडू' म्हणून संघांना काही पोरं लिलावाच्या बाहेर, ठरलेल्या मानधनावर घेता येतात. हातोडा नाही, बोली नाही, टीव्हीवर नाव झळकत नाही. पुणेरी पलटणने अस्लमला आठव्या हंगामासाठी असंच घेतलं. त्याच्याबरोबर हरियाणाचा मोहित गोयत.

त्या वर्षी पलटणवाले चाहते कोणाबद्दल बोलत होते? राहुल चौधरीबद्दल आणि नितीन तोमरबद्दल. साहजिक आहे. राहुल म्हणजे कबड्डीचा पहिला स्टार, आणि प्रशिक्षक कोण तर अनुप कुमार. एवढी नावं असल्यावर दोन अनोळखी पोरांकडे कोण बघणार? हंगाम सुरू झाला 22 डिसेंबर 2021 ला. सुरुवात रडतखडत झाली. मोठ्या नावांची चढाई चालेना. मग हळूहळू अनुपने ती नावं बाकावर बसवली आणि अस्लम-मोहितला पुढे केलं.

तेव्हा जे वाद झाले ते मी ऐकलेत. आमच्याकडचे जुने कबड्डीवाले, ज्यांचे गुडघे मातीच्या मैदानावर गेलेत, ते सुद्धा म्हणत होते, "राहुलसारखा माणूस बाकावर? पोरांना अनुभव नाही, मोक्याच्या चढाईला पाय लटपटतील." हे म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. तिथे अनुभव लागतो. समोर सात जण हात धरून उभे, हातात तीस सेकंद, आणि आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतोय... अशा वेळी वीस-बावीस वर्षांच्या पोराला पाठवायचं म्हणजे प्रशिक्षकाचीही छाती लागते.

पण पाठवलं. पुन्हा पुन्हा पाठवलं. पलटण त्या वर्षी कशीबशी प्लेऑफला गेली, तिथे यूपी योद्धाकडून हरली. पुढच्या हंगामात, 17 डिसेंबर 2022 ला, थेट अंतिम सामना, जयपूरकडून 33-29 अशी हार. तेव्हाही टपरीवर झालंच, "शेवटी अनुभव तो अनुभव." पलटणने काय केलं? अस्लमला कर्णधार केलं. मधल्या काळात तो हांगझोला आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळून सुवर्णपदक घेऊन आला, ऑक्टोबर 2023. आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पुणेरी पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला. कर्णधार आपला टाकळीभानचा, आणि अख्ख्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आता मघाचा मुद्दा. तो आठवा हंगाम, ज्यात या पोरांना चुकत चुकत शिकता आलं, तो पूर्ण बंगळुरूच्या एका हॉटेलात खेळला गेला. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. मॅटभोवती काळोख नि कॅमेरे. बालेवाडीत घरच्या लोकांसमोर राहुलच्या जागी अस्लम उतरला असता आणि पहिली चढाई फसली असती, तर काय ओरडा झाला असता याची कल्पना मी करू शकतो. कारण ओरडणाऱ्यांत मीही असतो की.

दोन पोरं, दोन खेळ, दोघांच्या घडण्याचा सगळ्यात नाजूक काळ रिकाम्या मैदानात गेला. दोघेही कर्णधार झाले. यावरून नियम काढायचा नाही, दोन उदाहरणांवर नियम काढणारे लोक मला आवडत नाहीत. पण दुर्लक्षही करवत नाही.

हे सगळं मी फोनवर माझ्या मावसभावाला सांगत होतो. तो अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहतो, पंचवीसेक वर्षं झाली. त्याला क्रिकेटचं आता फारसं काही राहिलेलं नाही, तो तिथल्या फुटबॉलच्या नादाला लागलाय. म्हणजे ते हाताने खेळतात ते फुटबॉल. तो म्हणाला, तुमचं काहीच नाही रे, आमच्या इथलं ऐक.

त्यांच्याकडे लिलाव नसतो. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी पोरं सगळे संघ पाळीपाळीने उचलतात, आणि आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली पाळी. (ही पद्धत मला फार आवडली. आपल्या ग्रामपंचायतीच्या निधीवाटपाला लावायला हवी.) 1999 साली फिलाडेल्फियाच्या ईगल्सची दुसरी पाळी होती, कारण आदल्या वर्षी सोळापैकी तेरा सामने हरले होते. त्यांना क्वार्टरबॅक हवा होता. क्वार्टरबॅक म्हणजे त्या खेळातला कर्ताकरविता, चेंडू कुठे जायचा ते दर वेळी हाच ठरवणार. संघाने डोनोव्हन मॅकनॅब नावाचा पोरगा निवडला. चाहत्यांना मात्र रिकी विल्यम्स नावाचा दुसराच गडी हवा होता, चेंडू घेऊन पळणारा. फिलाडेल्फियाहून खास न्यूयॉर्कला गेलेल्या चाहत्यांच्या टोळक्याने काय केलं असेल? मॅकनॅबचं नाव पुकारल्याबरोबर हुर्यो उडवली. पोरगा नवी टोपी घालून स्टेजवर येतोय, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्याच्याच संघाचे लोक त्याच्यावर ओरडतायत. त्याने अजून एक चेंडूही फेकला नव्हता.

हा मॅकनॅब पुढे अकरा वर्षं ईगल्सकडून खेळला. पाच वेळा त्यांना उपांत्य फेरीपर्यंत नेलं, एकदा, 2005 च्या फेब्रुवारीत, सुपर बोलपर्यंत. तिथे मात्र ते तीन गुणांनी हरले. हरवलं कोणी? टॉम ब्रेडीच्या संघाने. ब्रेडी म्हणजे 2000 साली 198 पोरं उचलून झाल्यावर 199 वा उचललेला गडी. एकाच्या निवडीवर हुर्यो, दुसऱ्याच्या निवडीकडे लक्षच नाही, आणि पाच वर्षांनी सगळ्यात मोठ्या सामन्यात दोघे समोरासमोर. 2013 मध्ये ईगल्सने मॅकनॅबचा 5 नंबर कायमचा निवृत्त केला. मावसभाऊ म्हणतो, अजूनही त्या हुर्योचा विषय निघतोच, आणि आता प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ओरडलो नव्हतो.

म्हणजे भरल्या सभागृहात हुर्यो ऐकूनही पोरं टिकतात. माझ्या रिकाम्या मैदानाच्या तर्काला हे छेद देणारं आहे, मान्य. पण जी टिकली त्यांचीच नावं आपल्यापर्यंत येतात ना? हुर्योने जी मोडली त्यांची यादी कोण ठेवतो?

आता तात्यांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर पेरू बंद व्हायचे. तात्यांचं म्हणणं असं की आम्ही वेळ घालवतो, पैसे घालवतो, जीव लावतो, मग आम्ही बोलायचंच नाही का? बोला की. संघमालकाला बोला. दोघांवर चौदा-चौदा कोटी घालवून गोलंदाज कमी पडले असतील तर तो ज्याने वही उघडली त्याचा दोष, त्याला खुशाल धारेवर धरा. जडेजाबद्दलचं दुःख तर मला शंभर टक्के पटतं. 2023 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार नि चौकार मारून करंडक आणून देणारा माणूस असा देऊन टाकायचा, याला काळीज लागतं. पण ते दुःख नव्या पोराच्या डोक्यावर ठेवायचं कशाला? जडेजाला त्याने घालवलेलं नाही. राहुल चौधरीला अस्लमने बसवलं नव्हतं.

आणि धीर धरा म्हणतो म्हणजे अमर्याद धरा असंही नाही. संघ काही धर्मादाय संस्था नाहीत. पलटणने पोरांवर भरवसा ठेवला त्यात त्यांची दूरदृष्टी होती तशी काटकसरही होती, ठरलेल्या मानधनात मिळणारी पोरं सांभाळायला सोपी पडतात. उगाच देव्हाऱ्यात बसवायला नको. पण मला पलटणचं खरं कौतुक वाटलं ते करंडकाच्या वेळी नाही, त्याच्या नंतर. 2024 च्या शेवटच्या हंगामात अस्लमचा गुडघा गेला, तो बाहेर बसला आणि पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. गतविजेते आठव्या नंबरवर. त्यावेळी "आता दुसरा बघा" असं म्हणणारे कमी नव्हते. पलटणने दुसरा बघितला नाही. 2025 च्या हंगामात पुन्हा तोच कर्णधार, आणि 31 ऑक्टोबरला पुन्हा अंतिम सामना. दिल्लीकडून 31-28 अशी हार झाली, तीन गुणांनी. हरले, पण गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेला माणूस पुन्हा तिथपर्यंत आला होता.

ऋतुराजचं 2025 याच मापाने मोजून बघा. एप्रिलमध्ये कोपराचं हाड मोडलं, तो बाहेर गेला. त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे 30 लाखांत आला आणि 3 मे ला बंगळुरूविरुद्ध 48 चेंडूंत 94 मारून गेला. दुसऱ्या दिवशी टपरीवर काय ऐकलं मी? "ऋतुराजची गरजच काय आता?" म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्याला चौथा डाव मिळावा म्हणून भांडलो, तो आता आपल्या हिशोबात जुना झाला होता. आयुषचाही नंबर येईल. कोणी पंधरा वर्षांचा आला की आपण आयुषला काढायला निघू.

एवढं सगळं लिहायचं कारण नुसतं क्रिकेट नाही, हे घरच्या वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझा भाचा कबड्डी खेळतो. बारावीला आहे. डाव्या बाजूने चढाई चांगली करतो, पकडीत कच्चा आहे, पण शिकतोय. अस्लम करंडक उचलतानाचा फोटो त्याच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. बारावीनंतर एक वर्ष पुण्यात राहून सराव करायचा आणि निवड चाचण्या द्यायच्या, असं त्याचं म्हणणं आहे. दाजी म्हणतात, आधी डिप्लोमा. बहीण मधल्या मध्ये. दिवाळीपासून या विषयावर घरात जितकं बोलणं झालंय तितकं जमिनीच्या वाटणीवर सुद्धा झालं नव्हतं.

या वादात प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, "त्याची निवड होईल असं वाटतं का तुला?" मला कबड्डीतलं एवढं कळत नाही. होणार नाही याचीच शक्यता जास्त, हे मी भाच्यालाही सांगितलंय, आणि तो मला म्हणाला, मामा, ते मला माहितीय. सतरा वर्षांचं पोर आहे, पण हिशोब त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याच्या मंडळातल्या चार जणांनी चाचण्या दिल्यात, चौघेही परत आले. त्यातला एक आता गॅरेजमध्ये आहे आणि संध्याकाळी लहान पोरांना पकडी शिकवतो. परत आल्यावर त्याला पहिला महिना सगळ्यात जड गेला, असं भाचा सांगत होता. निवड झाली नाही त्याचं फार वाटलं नाही. बसस्टँडपासून घरापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, "काय रे, झालं का नाही काही?" त्याचं वाटलं. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. प्रेमानेच विचारत होते लोक.

माझं मत विचाराल तर पाठवा. एक वर्ष. पैसे किती लागतील ते मी आणि दाजींनी कागदावर मांडलंय, दोन्ही घरं मिळून झेपतं. डिप्लोमा एक वर्ष थांबतो, गुडघे थांबत नाहीत. वर्षभराने परत आला तर डिप्लोमाला बसेल, मी स्वतः फॉर्म आणून देईन.

फक्त नातेवाईक मंडळींना एक विनंती, आणि ही मनापासून आहे. तो गेला तर त्याला फोन जरूर करा. जेवलास का विचारा, गुडघा कसा आहे विचारा, पुण्यात थंडी किती आहे विचारा, पैसे हवेत का तेही विचारा. निवडीचं काय झालं ते त्याच्या आईला विचारा. तिला सवय आहे. आणि मोठे मामा, तुम्ही त्याला लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर "काय मग, कितीला गेलास?" म्हणालात ना, तो त्यावर हसला होता खरा. पण रात्री जेवला नाही.